एकतीस नंबरचं पान

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं ऐकून ही बाई डोक्यावर पडली आहे असा तुमचा समज व्हायचा. मी एका वृद्धनिवासात कम्प्युटर सांभाळते. अकरा वर्षं झाली. वायर तुटली, प्रिंटर रुसला, कुणाच्या मुलाचा चेहरा फोनवर दिसेनासा झाला, की सगळे माझ्या नावाने ओरडतात. इथे मला मशीनबाई म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, मग अंगवळणी पडलं.

आमचं निवास वस्तीपासून लांब, टेकडीवर आहे. दोन मजले, लांबलचक व्हरांडे, हिरवे दरवाजे आणि प्रत्येक दारावर पितळी आकडा. हवा उत्तम, इंटरनेट रद्दड. इथे राहणाऱ्या प्रत्येकाचं एक पान आहे. त्यावर फोटो, खोलीचा नंबर, आजार, पथ्य, नातेवाईक कोण, आणि तळाला 'शेरा' म्हणून मोकळी जागा. रोजची औषधं नर्स कागदावरच लिहितात, तो कागद पलंगाला अडकवलेला असतो. पानं बघतात ती मुख्यतः लांब राहणारी मुलं-सुना-भाचे. भेटायला येणं जमत नाही, मग पान उघडून बघतात आणि समाधान मानतात.

ही पानं असतात कुठे, तर दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या मुख्य कार्यालयातल्या मोठ्या कम्प्युटरवर. पूर्वी मेट्रनबाई एखादं पान मागवायच्या, जाऊन चहा करायच्या, पिऊन यायच्या, तोवर फोटोतलं नुसतं कपाळ उमटलेलं असायचं. म्हणून मी सामानाच्या खोलीत, जुन्या गाद्यांच्या शेजारी, एक छोटं मशीन बसवलं. त्याचं काम सोपं आहे. कुणी पान मागितलं की ते लांबून एकदा आणायचं आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवायची. पुन्हा कुणी मागितलं की लांब जायचंच नाही, जवळची प्रत पुढे करायची. आपण नाही का मीठ ओट्यावर ठेवत आणि मोठी पातेली माळ्यावर टाकत? तसंच. पण ओट्यावर जागा किती असणार! म्हणून जे पान सलग तीस दिवस कुणीच मागत नाही, त्याची प्रत मशीन काढून टाकतं. कोणतं पान शेवटी कधी मागितलं, याची एक यादीही ते ठेवतं. लांबच्या नातेवाईकांनी आमच्याकडचं पान उघडलं, तरी ती मागणी याच मशीनमधून जाते. प्रत गेली म्हणून काही बिघडत नाही. मूळ पान लांबच्या कम्प्युटरवर सुखरूप असतं. हे मी हजार वेळा लोकांना समजावलं आहे. प्रत जाते, मूळ राहतं.

मशीन बसवल्यावर सगळे खूश. पानं चुटकीसरशी उघडायला लागली. डॉक्टरांनी तर सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि डॉक्टर कुणाचं कौतुक करण्यातले नाहीत.

दीड महिन्याने स्वयंपाकघरातल्या मावशी माझ्याकडे आल्या. पदराला हात पुसत दारातच उभ्या राहिल्या.

"मशीनबाई, माझं रोज एक ताट जास्त होतंय."

"मग कमी वाढा."

"थट्टा नको हो. माणसं एक्केचाळीस. पहिल्यापासून एक्केचाळीस. पण हात आपला बेचाळीस ताटं काढतो. तीन दिवस झाले."

मी हसले आणि गेले बघायला. जेवणाच्या खोलीत खुर्च्या मोजल्या. बेचाळीस. खिडकीजवळच्या खुर्चीवर उशी बांधलेली होती, मधोमध बसून बसून चेपलेली. ही कुणाची म्हणून मेट्रनबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कुणाचीच नाही. असेल जास्तीची." मेट्रनबाईंना कुणाच्या कवळीचा डबा कुठल्या रंगाचा आहे हेसुद्धा तोंडपाठ असतं.

खालच्या मजल्यावर चौदा नंबरची खोली रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. ती कधीपासून रिकामी आहे, कुणाला सांगता येईना. खिडकीच्या कट्ट्यावर चार-पाच स्क्रू पडले होते, तांदळाच्या कणीएवढे, आणि एक पितळी दातेरी चाक.

मी मेट्रनबाईंना त्यांच्या कम्प्युटरवरून चौदा नंबरचं पान मागवायला सांगितलं. उत्तर आलं: अशी नोंद नाही. सामानाच्या खोलीतल्या यादीतही चौदा नव्हता. तेरा होता, पंधरा होता. मग माझ्या टेबलावरच्या कम्प्युटरवर मी सहज तोच पत्ता टाकला, आणि पान उघडलं.

याचं कारण मला लगेच कळलं, त्यात काही गूढ नव्हतं. वेबपानं बघायचा जो प्रोग्राम असतो, तोही वेळ वाचवायला एकदा बघितलेल्या पानांच्या प्रती आपल्याच कम्प्युटरमध्ये ठेवतो. मी कधीतरी ते पान उघडलेलं होतं, त्याची प्रत राहिली होती.

फोटोत एक म्हातारे गृहस्थ होते. चष्मा कपाळावर चढवलेला. व्यवसाय: घड्याळजी. नातेवाईक: कुणी नाही. आणि शेऱ्यात लिहिलं होतं: "यांनी मशीनबाईंचं घड्याळ दुरुस्त केलं. खिडकीजवळची खुर्ची यांनाच द्यावी, नाहीतर जेवत नाहीत." लिहिण्याची ढब माझी होती. खाली तारीख आणि माझी सही होती.

मला हा माणूस आठवत नव्हता. अजिबात नाही. मी मनगटाकडे बघितलं. घड्याळ व्यवस्थित चालू होतं.

मुख्य कार्यालयात फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञाशी माझी चांगली ओळख आहे. तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडे असते ती फक्त प्रत. मूळ आमच्याकडे असतं. तुम्हाला मी काय शिकवणार?"

"मग मूळ दाखव ना चौदा नंबरचं."

कळफलकाचा आवाज आला.

"चौदा नंबर कधी नव्हताच," तो म्हणाला. "तेरानंतर पंधरा आहे. तुमच्याकडे तसंच आहे ना?"

मी फोन ठेवला. मी हिशोबी डोक्याची बाई आहे. एकदा घडलं तर ती चूक असू शकते. यादी काढली. सत्तावीस नंबर शेवटचा मागितला त्याला एकोणतीस दिवस आणि तेवीस तास झाले होते. सत्तावीसमध्ये भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. तेव्हाच मी त्यांचं पान एकदा मागवलं असतं तर काही कष्ट पडणार नव्हते. पण मला तपासून बघायचं होतं. मला सिद्ध करायचं होतं की असं काही नसतं! हे माझ्या डोक्यावर कायमचं राहणार आहे आणि ते मी कुणावर ढकलणार नाही.

तळहातावर पेनाने लिहिलं: सत्तावीस, बाई खुर्चीत बसल्या आहेत, निळी शाल. आणि व्हरांड्यातल्या बाकावर, त्यांच्या उघड्या दारासमोर जाऊन बसले. सकाळचे साडेदहा. ऊन फरशीवर आलेलं. बाई नकाशाची वही चाळत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गं, आज तुझी मशीनं आजारी नाहीत वाटतं?"

मी हसले. त्यांचं हे वाक्यही तळहातावर खाली लिहून ठेवलं. पावणेअकराला नर्स औषधांचा ट्रे घेऊन आली. सत्तावीसच्या दाराशी थांबली. ट्रेमधल्या छोट्या वाट्यांकडे बघितलं. एक वाटी उचलली, परत ठेवली. मग काहीतरी घरी विसरल्यावर माणूस थबकतो तशी जरा थबकली आणि पुढे गेली.

मी बाकावर बसले होते. समोर रिकामी खोली होती, गादी गुंडाळलेली. आपण इथे ऊन खात कशाला बसलोय, कामं पडली आहेत, असं मनात आलं आणि मी उठले. जिना उतरून खाली आले. हात धुवायला गेले तेव्हा तळहाताकडे लक्ष गेलं.

पाणी तसंच वाहत राहिलं. मला ती निळी शाल आठवत नाही. मी हे सगळं लिहिते आहे ते त्या दोन ओळी आणि माझ्या कम्प्युटरमध्ये पूर्वीपासून राहिलेलं त्यांचं पान यांच्या जोरावर.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी तडक सामानाच्या खोलीत गेले आणि मशीनची वायर उपटली. गेलं उडत ते इंटरनेट! परत उघडू देत पानं चहा पिऊन झाल्यावर.

बाहेर आले तर निवासात आवाजच नव्हता. जेवणाची वेळ. जेवणाच्या खोलीत सगळे बसले होते, चमचे हातात. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कुणी स्वतःच्या ताटाकडेही बघत नव्हतं. मावशी डाव धरून उभ्या होत्या आणि डावातून थेंब थेंब जमिनीवर पडत होतं. मी मेट्रनबाईंना हाक मारली. त्यांनी मान वळवली, पण माझ्या दिशेने नाही.

मी धावत गेले आणि वायर परत जोडली. दिवा हिरवा झाला. बाहेर चमच्यांचा आवाज सुरू झाला आणि कुणीतरी म्हणालं, "आज मीठ कमी पडलंय हो."

तीस दिवसांची मुदत मी तीन हजार दिवसांवर नेली. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा तीस. चार वेळा बदलली, चार वेळा तीस. ठीक आहे, म्हटलं. तुला मागितलेलंच लागतं ना? मागू. इतकं मागू की तुझ्या नाकी नऊ येतील.

आता ताईबद्दल सांगायला हवं. एकतीस नंबरमध्ये माझी ताई राहते. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. माझ्या वेण्या, माझी शाळा, माझे दुखणारे कान, सगळं तिने केलं. तिच्या लग्नाचं दोनदा ठरत आलं, दोन्ही वेळा तिने विचारलं की माझी धाकटी माझ्याबरोबर येईल, चालेल का, आणि दोन्ही वेळा त्यांना चाललं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं उजवं अंग गेलं. तेव्हा मी तिला इथेच आणलं, माझ्या डोळ्यांसमोर. जीभ अजून तिखट आहे, शब्द मात्र मध्येच अडकतात. मला ती नावाने हाक मारत नाही, धाकटे म्हणते.

मी तिला दिवसातून चार वेळा बघते. म्हणूनच तिचं पान मी कधी उघडलं नव्हतं! समोर बसलेल्या माणसाचं पान कशाला उघडायचं? यादीत एकतीससमोर बावीस दिवस झालेले दिसले तेव्हा मी तो आकडा बोट ठेवून दोनदा वाचला. ते पान शेवटचं डॉक्टरांनी उघडलं होतं, पथ्य बदलायला. तिला रोज भेटणं, भरवणं, तिच्याशी भांडणं, हे त्या मशीनच्या खिजगणतीतच नव्हतं.

त्याच दिवशी अकरा वाजून बावन्न मिनिटांनी मी एकतीस नंबर मागितला. मग एकामागून एक सगळी चाळीस पानं. यादीत सगळ्यांसमोर नवी वेळ आली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहा वाजता मी दार लावून घ्यायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उघडायची. ताईचं पाच वेळा. पानं अशी झरझर उघडायची की मला माझाच अभिमान वाटायचा. यादी बघायची गरजही वाटेनाशी झाली. एकोणतीस दिवस हे चाललं. या एकोणतीस दिवसांत मी शांत झोपले.

तिसाव्या दिवशी सकाळी मी वर गेले. एकोणतीस, तीस, बत्तीस. बत्तीसच्या दारात उभी राहिले आणि आपण वर कशाला आलो ते आठवेना. हातात चहाचे दोन कप होते. दोन कशाला घेतले, असा विचार करत मी परत फिरले.

"धाकटे!"

मी दचकले. तीस आणि बत्तीसच्या मध्ये दार होतं. आत ताई बसली होती, केस न विंचरलेले.

"दारावरून गेलीस की गं. सकाळपासून इकडे कुणी फिरकलं नाही. मी मेलेबिले की काय?"

मी कप खाली ठेवले, तिचे दोन्ही हात धरले. ऊबदार होते. "बसून राहा," म्हटलं. "कुठे जाऊ नकोस."

"जातेय कुठे मी," ताई म्हणाली. "पाय दे आधी."

सामानाच्या खोलीत जाऊन यादी बघितली. एकतीस: शेवटची मागणी एकोणतीस दिवस, तेवीस तास, अठ्ठेचाळीस मिनिटांपूर्वी.

मी एकोणतीस दिवस रोज मागितलेलं एकही पान इथे पोचलं नव्हतं.

कसं पोचणार? पहिल्या दिवशी मी सगळी पानं उघडली तेव्हा माझ्याच कम्प्युटरने त्यांच्या प्रती करून ठेवल्या. त्यानंतर मी मागायची आणि माझंच टेबल मला उत्तर द्यायचं. मागणी खोलीबाहेर पडतच नव्हती. अकरा वर्षं मी हे दुसऱ्यांना शिकवते! शेंबडं पोरही करणार नाही अशी चूक मी केली होती आणि वर झरझर उघडतंय म्हणून खूश होत होते.

बारा मिनिटं. मेट्रनबाई डॉक्टरांबरोबर फेरीवर, त्यांच्या खोलीला कुलूप. माझा फोन सकाळीच बंद पडलेला. मी टेबलाशी बसले. दोन कळा एकदम दाबल्या की कम्प्युटर आपल्याजवळची प्रत बाजूला ठेवून पुढे विचारायला जातो. दाबल्या. पापणी लवायच्या आत पान उघडलं. सामानाच्या खोलीत धावले. यादी हलली नव्हती. परत आले, परत दाबल्या. ताईचा फोटो माझ्याकडे बघत राहिला. यादी तशीच.

आता एकच उपाय होता. माझ्या कम्प्युटरमधल्या साऱ्या प्रती पुसायच्या, म्हणजे त्याला माझी मागणी पुढे न्यावीच लागेल.

साऱ्या. चौदा आणि सत्तावीससुद्धा.

घड्याळजी आणि भूगोलाच्या बाई आता या जगात फक्त माझ्या टेबलावर होत्या. प्रिंटर सुरू केला. दोन कोरे कागद बाहेर आले. मी प्रिंटरला एक शिवी हासडली, पेन घेतलं आणि हाताने उतरवायला लागले. चष्मा कपाळावर. खिडकीजवळची खुर्ची. निळी शाल हवीच. नकाशांची वही कुणी हलवू नये. अक्षर लागत होतं. कागदाला कुणी मुदत घालत नाही.

अकरा वाजून एकोणपन्नास. पुसलं.

एकतीसचा पत्ता टाकला. कळ दाबली.

पांढरा पडदा. मधोमध गोल गोल फिरणारं चाक.

पन्नास.

व्हरांड्यातून पावलं वाजली. वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी गुंडाळत होतं. गादीची दोरी ओढल्याचा आवाज मला ओळखू येतो.

"ती माझी आहे," मी मोठ्याने म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं. "ऐकतोस का? मी मागतेय. समोर बसून मागतेय. आण तिला."

चाक फिरत होतं.

एक्कावन्न.

वरून फोटो उमटायला लागला. आधी पांढरे केस. मग कपाळ. मग बराच वेळ फक्त कपाळ.

मग डोळे आले.

मी सामानाच्या खोलीत गेले नाही, सरळ जिना चढले. एकतीसचं दार उघडं होतं. नर्स अर्धी गुंडाळलेली गादी हातात धरून उभी होती आणि ताई खुर्चीतून तिच्यावर डाफरत होती.

"अगं, चादर बदलायची तर बदल, बिऱ्हाड कशाला बांधतेस?"

"चादरच बदलत होते," नर्स म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. मी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिने डाव्या हाताने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि चहा गार झाल्याची तक्रार केली.

खाली येऊन बाकीची पानं मागवली. काठावर नऊ जण होते, ताई धरून. मागवून झाल्यावर मी मोजले तर आठ भरले. नववं कोण, ते मला माहीत नाही. त्या दुपारी मावशींचं एक ताट जास्त झालं. ते ताट मी टेबलावर तसंच ठेवायला लावलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे रोज तीन जास्तीची ताटं मांडली जातात. मेट्रनबाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, मोडायचं नाही. बस्स.

यापुढे मी एकटीच्या भरवशावर काही ठेवणार नव्हते. प्रत जवळ न ठेवण्याची तंबी सगळ्या कम्प्युटरांना आणि फोनांना दिली. जेवणाच्या खोलीत मोठा पडदा लावला आणि प्रत्येकाला एक माणूस वाटून दिला: सकाळचा चहा झाला की त्याचं पान मागायचं, फोटोकडे बघायचं, मोठ्याने वाचायचं. डॉक्टर म्हणाले, हा काय नवीन पोरखेळ? मी त्यांनाही एक माणूस वाटून दिला. आजोबा-आजींना तर खेळच मिळाला. "काल तुम्ही मला विचारलंच नाही," म्हणून भांडणं व्हायला लागली. नऊ नंबरचे आजोबा आणि बावीस नंबरच्या आजी दिवसातून तीनदा एकमेकांची पानं मागायला लागले, ते का, ते सगळ्यांना कळलं. यादी रोज ताजी. ते मशीन अजून तिथेच आहे, हिरवा दिवा लुकलुकत. जाता-येता मी त्याला सांगते, बस वाट बघत.

वाटपाची यादी मी स्वतः केली होती. राहणारे एकोणचाळीस जण. मग मला आठवलं की कर्मचाऱ्यांचीही पानं आहेत, म्हणून तीही घातली. मावशी, दोन्ही नर्सा, माळी, डॉक्टर, मेट्रनबाई. कुणाला वगळायचं नाही म्हणून दोनदा तपासली. यादी लिहिणारीचं पान कुणाला वाटून द्यायचं राहून गेलं, हे माझ्या लक्षात आलं ते काल दुपारी चार वाजता.

मी ताईच्या खोलीत तिची नखं कापत होते. मेट्रनबाई दारात आल्या. हातात भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर होतं. माझ्याकडे बघून छान हसल्या, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं.

"माफ करा हं, खाली नोंद राहिली वाटतं तुमची. इथे सही कराल? पहिल्यांदाच आलात का?"

मी ताईकडे बघितलं.

"अहो, ही माझी," ताई म्हणाली, आणि थांबली. तिचे ओठ हलत होते. शब्द अडकतात तिचे, ते नेहमीचंच आहे. मी वाट बघितली. तिचा हात माझ्या हातात होता.

मग मी पेन घेतलं. नाव लिहिलं. पहिल्यांदा नाही, अकरा वर्षं, असं समासात लिहिलं. उद्याही येणार, तेही लिहिलं. नातं या रकान्यात 'धाकटी बहीण' लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला.

मेट्रनबाईंनी रजिस्टर घेऊन ते वाचलं.

"बरं केलंत आलात," त्या म्हणाल्या. "यांना कुणीच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो."

पेन मागायला त्यांनी हात पुढे केला. मी दिलं नाही.